मागची झडप

चहूकडे समुद्र असलेल्या एका बेटावर, लाकडी घरात, एक खार आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. बेटावर दर वर्षी मोठे वादळ येई, म्हणून तिथल्या प्रत्येक घराच्या खिडक्यांना जाड फळ्यांच्या झडपा होत्या. वादळाचे दिवस जवळ आले की सगळे प्राणी कामाला लागत. कुजलेल्या फळ्या बदलायच्या, बिजागऱ्यांना खोबरेल द्यायचे, अडसर नीट बसतो का पाहायचे. सगळ्यात शेवटी ठोकणी. म्हणजे घरातल्यांनी झडपा लावून आत अंधारात बसायचे आणि शेजाऱ्याने बाहेरून एकेक झडप ठोकून तिचा आवाज ऐकायचा. आपल्या घराची खोट आपल्याला ऐकू येत नाही, असे तिथे सगळे मानत.

खार कामाला वाघ होती. खारीबद्दल असे म्हणणे जरा विचित्र वाटेल, बाळांनो, पण होती. समुद्राकडच्या तिच्या झडपांचा शेजाऱ्यांना हेवा वाटे. मात्र जंगलाकडे एक मागची झडप होती, तिचे नाव निघाले तरी खारीच्या अंगावर काटा येई. या घरात आधी एक म्हातारी घोरपड राहत होती आणि त्याच खिडकीशी बसून, जंगलाकडे बघत बघत ती गेली होती. आता रोज तिन्हीसांजेला समुद्रावरचा वारा पडला, सगळे चिडीचूप झाले, की त्या झडपेवर कोणीतरी ठोकत असे. टक. थोडे थांबून पुन्हा टक.

"आजीचा जीव अडकलाय इथे," खार पुटपुटली, ते पिल्लांनीही ऐकले. तिने त्या खिडकीवर आतून जाड गोधडी टांगली. मग एका संध्याकाळी धीर करून, डोळे मिटून, गोधडीमागे चौकटीवर एक पिकलेले केळे ठेवले. सकाळी चाचपले तर साल तेवढी उरली होती. खार दचकली, पण तिला बरेही वाटले. आजीला नैवेद्य पोचला होता. तेव्हापासून ती रोज केळे ठेवू लागली. ठोकणे मात्र थांबेना. उलट ते वाढतच गेले आणि त्याच्या जोडीला खर्र खर्र असा आवाज येऊ लागला, कोणी नखाने लाकूड खरवडावे तसा. मग खारीने दोन केळी ठेवायला सुरुवात केली.

ठोकणीच्या दिवशी शेजारचे कासव आले. समुद्राकडच्या झडपा ठोकून ते बाहेरूनच म्हणाले, "आवाज अगदी घट्ट आहे, खारूताई. आता मागची बघतो."

"मागची राहू द्या, कासवदादा. तिकडून कुठला वारा यायला?"

"तरी रीत आहे ना आपली."

"मी स्वतः पाहिलीये ती," खार म्हणाली. खोटे बोलताना तिची शेपटी थरथरत होती, पण झडपा बंद होत्या, कासवाला दिसणार कसे? शिवाय घराला वळसा घालायचा म्हणजे कासवाची अर्धी सकाळ. तेही "बरं" म्हणून घरी गेले.

वादळ आले ते भर दुपारी, समुद्राकडून. घर नुसते हादरत होते, पण झडपांनी दाद दिली नाही. पिल्लांना पोटाशी धरून खार अंधारात बसून राहिली. मग एकाएकी सगळे थांबले. फटींतून पिवळट ऊन आत आले. बाहेर वारा नाही, पाऊस नाही, एका पक्ष्याचा आवाज नाही. पिल्लेही आपोआप कुजबुजत बोलू लागली. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. टक. टक टक.

"आई, बाहेर कोणीतरी आहे," धाकटे म्हणाले. "भिजलं असेल गं. आत घे ना त्याला."

खारीला एकदम रडू आले. इतके दिवस ती नुसती घाबरत राहिली होती. ठोकणाऱ्याला काय हवे असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते. तिने डोळे मिटून गोधडी ओढली आणि मग हळूच डोळे उघडले.

तिथे कोणीच नव्हते. झडप एका बिजागरीवर लोंबत होती. दुसऱ्या बिजागरीखालचे लाकूड पोखरून पार पोकळ झाले होते आणि त्यातून काळ्या मुंगळ्यांची रांग केळ्यांकडे चालली होती. गोडाच्या वासाने ते आले होते आणि तिथल्याच ओल्या लाकडात त्यांनी घर केले होते. संध्याकाळी जंगलामागच्या डोंगराकडून येणारी, खारीला जाणवतही नसे अशी झुळूक त्या आधीपासूनच सैल असलेल्या झडपेला हलवायला पुरेशी होती. आता तीच झुळूक खारीच्या मिशांना लागली. दूर, जंगलात खूप आत, झाडे घराच्या दिशेने वाकत होती.

खिळा मारावा तर लाकूडच उरले नव्हते. खारीने एक पिल्लू तोंडात धरले, दुसरे पाठीवर घेतले आणि ती कासवाच्या घराकडे पळत सुटली. कासवाने काही न विचारता दार उघडले आणि लगेच अडसर घातला.

"संपलं ना वादळ?" त्याने विचारले.

"अर्धंच संपलंय. आता मागून येतंय," खार म्हणाली.

अंधारात बसून सगळ्यांनी ऐकले. पलीकडच्या रिकाम्या घरातून ठोकण्याचा आवाज येत होता. टक टक टक, भराभर, मग आणखी भराभर. मग एक मोठा धडाका झाला आणि ठोकणे थांबले.

"आई, आजी गेली का गं?" धाकट्याने विचारले.

"तिथे आजी नव्हतीच, बाळा. झडप हाका मारत होती, आणि मी मुंगळ्यांना केळी चारत बसले."

कासवाने मान आत ओढून घेतली. "आणि मी वळसा चुकवला," ते आतूनच म्हणाले.

सकाळी सगळे बाहेर आले. खारीच्या घराची समुद्राकडची भिंत तेवढी उभी होती. झडपा घट्ट बंद होत्या, अडसर जागच्या जागी होते. त्यांच्या मागे घर नव्हते.

तात्पर्य : ज्याची भीती वाटते त्याला नैवेद्य दाखवून ते शांत होत नाही, पडदा सारून वेळेवर पाहिले, तरच त्याची दुरुस्ती होते.