रेड्याचं पोट आणि पिलाच्या बरगड्या

फार फार जुनी गोष्ट. रानांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची.

एका वाघिणीच्या पंजात साळिंदराचा काटा घुसला आणि तिची शिकार बंद पडली. पदरात एकच पिलू, तेही अशक्त. म्हातारं अस्वल बजावून गेलं, "याला रेड्याचं कसदार मांस घाल, नाहीतर हे जगायचं नाही."

तेव्हा एक तरस पुढे आला. "बाईसाहेब, माझ्या कुंपणात रेडे आहेत. दर पंधरवड्याला एक आणतो. उरलंसुरलं तेवढं माझं."

आता रेड्याला लागतं काय? कोसभर हिंडणं आणि रानातलं गवत. पण एवढा धीर कुणाला! तरसानं रेडे दावणीला बांधले. घातली उसाची मळी, घातला कोंडा, वर मुठीमुठीनं मीठ, म्हणजे तहानेनं घटाघटा पाणी पितील. रेडे टरारून फुगले. तरस गुळवेलीनं त्यांची पोटं मोजायचा आणि ऐटीत सांगायचा, "या खेपेला वेल वीतभर कमी पडली!"

वाघीण खूश. पिलू मात्र खायचं आणि पेंगायचं. मांस कसलं, वर चरबी नि आत पाणी.

"काय रे, याच्या अंगी का लागत नाही?" वाघिणीनं विचारलं.

"मळी कमी पडतेय. वाढवतो!"

पुढच्या खेपेला म्हणाला, "कोंडा वाढवतो!" त्याच्या पुढच्या खेपेला, "मीठ वाढवतो!"

चौथ्या खेपेचा रेडा स्वतःच वैतागला होता. "अगं बाई, खायचं तर खा एकदाची! पण आग लागो त्या मिठाला. दोन महिन्यांत मला कुणी गवताची काडी दाखवली नाही. चार पावलं चाललो तर धाप लागते. माझ्याच अंगात कस नाही, तर तुझ्या लेकराला कुठून देऊ?"

वाघिणीचं डोकं सणकलं. तिनं तरसाची वेल हिसकली आणि पिलाच्या पोटाला गुंडाळली. सहा वेढे बसले, तरी वेल उरलीच.

"मेल्या, रेड्यांची पोटं मोजत बसलास! एकदा तरी हे मोजलंस? आणि मीही आंधळी, तुझ्या वेलीकडे बघून मान डोलावत राहिले!"

तरस पळाला. पण दोन महिने तोही त्याच रेड्यांवर पोसलेला! वीस पावलांवर धापा टाकत आडवा झाला. लंगड्या वाघिणीनं त्याला चालत जाऊन गाठलं. खाल्लं मात्र नाही, कारण त्याच्या अंगातही तीच मळी होती. तिनं त्याला रानाबाहेर हाकललं आणि कुंपणातले सगळे रेडे डोंगरावर चरायला सोडले.

काही दिवसांत पंजातला काटा गळून पडला, तेव्हा दुखरा पाय ओढत तिनं डोंगरावरच चरून वाढलेला एक सडपातळ रेडा धरला. पिलू जगलं. पण त्या दोन महिन्यांची वाढ राहिली ती राहिलीच, आणि ते रानातल्या सगळ्या वाघांत कायम बुटकंच राहिलं.

तात्पर्य: जनावराला जे चारावं तेच खाणाऱ्याच्या अंगी लागतं, म्हणून फुगलेल्या पोटाला कस समजू नये.