बयजाची चौकट

पाहिलेलं कुणीच आता उरलेलं नाही, पण खडकओढ्यात या गोष्टीला खोटं म्हणणारा माणूसही मिळायचा नाही. फार वर्षांपूर्वी त्या गावात बयजा नावाची सुईण होती. तिच्या हातावर जन्मलेलं एकही मूल दगावलं नाही, असं म्हणतात. तिचं गुपित काही मोठं नव्हतं. बाळंतिणीला शिवण्याआधी ती कोपरापर्यंत हात राखेनं घासायची आणि सोसवेल तेवढ्या कढत पाण्यानं धुवायची. बायका हसायच्या. बयजा हसणाऱ्यांनाही हात धुवायला लावायची.

मग एका आश्विनात मानमोडीचा ताप आला. आज खोकणारा माणूस परवा सरणावर जायचा. सरणाला लाकूड पुरेना, तेव्हा लोकांनी गोठ्यांची दारं उपटून नेली, असं म्हणतात. देवाला कौल लावून झाले, कोंबडी सोडून झाली. ताप काही हटेना.

बयजा मात्र बघत होती. आपल्याकडे कुणी गेलं की बायका धावत जातात, घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात, गालाला गाल लावून रडतात. पुरुष ओट्यावर बसून एकच चिलीम तोंडातोंडी फिरवतात. आणि जी गळ्यात पडून रडली, तीच दोन दिवसांत अंथरूण धरते, हे बयजाच्या ध्यानात आलं.

ती दारोदार फिरली. "खोकताना पदर तोंडाला लावा. आजाऱ्याचा तांब्या निराळा ठेवा. घरात शिरताना राखेनं हात धुवा. आन् रडायचं तर लांबनं रडा."

पहिल्या तीन गोष्टी लोकांनी कशाबशा ऐकून घेतल्या. चौथीला गाव पेटलं. ठमाबाई म्हणून गावातली सगळ्यात जुनी म्हातारी, ती तोंडावर म्हणाली, "मयताच्या घरी जवळ बसून रडायचं न्हाई? मानसं हावोत का जनावरं?"

मला विचाराल तर ठमाबाईचंही चुकलं नव्हतं. दुःखातल्या माणसाला जवळ घ्यायचं नाही, हे कुणाच्या गळी उतरेल? लोक गळ्यात पडत राहिले आणि मरत राहिले.

आणि मग बयजाची एकुलती एक लेक, गजरा, त्याच तापानं गेली. भर दुपारी गेली. बयजाचा हंबरडा ऐकून सगळ्या बायका राग विसरून धावल्या. पुढे ठमाबाईच होती, दोन्ही हात पसरून.

बयजा दारात आली. तिनं उंबऱ्याबाहेर राखेची रेघ ओढली आणि चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"ठमाकाकी, मागं व्हा. माझी गजरा गेली. तुमच्या लेकीसुना घरात हाईत. मला कुनी शिवू नका."

"बयजे, एकटी कशी गं रडशील?"

"तुमी तिथनंच रडा. मला ऐकू येतंय."

बायका गल्लीत उभ्या राहून रडल्या. ते रडणं तीन गावांत ऐकू गेलं, असं म्हणतात. पण रेघ कुणी ओलांडली नाही. बयजानं लेकीला एकटीनं आंघोळ घातली, एकटीनं लुगडं नेसवलं. तोंडाला फडकी बांधून चौघांनी तिला नेलं. त्या दिवशी गावाला पटलं. दारोदारी राख आणि कढत पाण्याचं घंगाळ आलं.

मग वादळी वारा सुटला, छपरं उडाली, पण बयजाच्या दारची रेघ हलली नाही. ताप घोंगडी पांघरलेल्या बाईच्या रूपानं गल्लीगल्लीतून फिरला, दारोदारची राख बघून ओढ्यापलीकडे निघून गेला, असं म्हणतात.

पण बयजाला लेकीचा ताप आधीच लागला होता. तिनं आतून कडी घातली. पाचव्या दिवशी आतला खोकला थांबला. शेवटपर्यंत गावातल्या कुणालाच तिला जवळ घेता आलं नाही, आणि ही खंत गावाला खात राहिली.

ते घर कधीच पडलं, चौकट तेवढी उभी आहे. खडकओढ्यात आजही दारात हात धुतल्याशिवाय कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. आता राखेच्या जागी साबण असतो. खोकला झालेला माणूस मयताच्या घरी गेला तर गल्लीतूनच रडतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. दर आश्विनात, गजरा गेली त्या तिथीला, गावातल्या बायका हात धुऊन एकेक करून त्या चौकटीला मिठी मारतात, लाकडाला गाल लावून रडतात. तेवढ्या जागेवर लाकूड झिजून गुळगुळीत झालं आहे.