ठकूआईच्या चौथऱ्यावरची ओळ

"पण बाबा, पुतळ्याची पाठ नदीकडे कशी?"

केतकीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. ठकू नावाडीण जन्मभर पाण्याकडे डोळे लावून बसलेली. तिचा पुतळा मात्र हमरस्त्याकडे बघत उभा... पुढाऱ्यांच्या गाड्यांची वाट पाहत असल्यासारखा.

"मान अवघडली असेल तिची," नूरबाबा म्हणाले. ठकूआईची होडी आता हा म्हातारा फकीरच चालवायचा. आत्ता बाबा डब्यानं तिच्यातलं पाणी उपसत होते.

"थट्टा नको ना! संध्याकाळी पुतळा समिती येतेय. चौथऱ्यावरची ओळ मी लिहायचीय. कोणाची लेक, कोणत्या समाजाची... वरची आळी म्हणते आमची, खालची म्हणते आमची. त्यात निवडणूक तोंडावर. एकीचं लिहिलं की दुसरी आमच्या दारात! तुम्ही तिचे चेले. सांगा, कोणाची होती ती?"

"वीस वर्षं वल्हं मारलं तिच्यासोबत." बाबांनी डोकं खाजवलं. "विचारायचं राहूनच गेलं बघ."

मग म्हणाले, "बस होडीत."

पैलतीरी वाळूत तिला उतरवलं आणि होडी मागे फिरवली.

"बाबा! अहो, मी परत कशी येऊ?"

"हाक मार. लोक तिला मारायचे तशी."

बाबा अलीकडे पोचले. पुतळ्याच्या सावलीत बसून गोधडीला टाके घालू लागले.

"बाबाऽऽ! मी केतकी! केतकी दाभोळे!"

...

बाबांचे कान असे तिखट की, पाण्यात मासा उसळला तर कोणता ते सांगायचे. आत्ताही एक उसळला. केतकी दचकली. बाबांनी मान वर केली नाही.

"सरपंचांची पुतणी!"

...

"एम.ए. झालेय मी! पहिल्या वर्गात!"

बाबांनी सुईत दोरा ओवला.

"समितीनं नेमलंय मला!"

...

ऊन कललं. रस्त्यावर समितीच्या जीपचा धुरळा दिसू लागला. केतकी पाण्याच्या कडेपर्यंत आली. स्वतःबद्दल सांगण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं सांगून झालं होतं.

तिनं तोंडाभोवती हात धरले.

"होऽऽ... पलीकडे यायचंयऽऽ!"

गोधडी बाजूला पडली. बाबा ताडकन उठले, होडी पाण्यात लोटली.

"आलो, लेकीऽऽ! ठकूआईला एवढंच ऐकू यायचं!"