पांढरी कणी

त्या वारुळात गोडाला तोटा नव्हता आणि तेच त्याचं दुखणं होऊन बसलं होतं. वरच्या झाडाखाली गुळाचे खडे सांडलेले असत. मुंग्या ते वाहून आणत आणि आणता आणता खात. खाऊन खाऊन त्यांची पोटं एवढी सुटली, की जुन्या बोळांतून दोघींना एकमेकींना ओलांडून जाता येईना. राणी तर जागची हलत नसे. तिचे पाय सुजले होते, अंडी कमी झाली होती, आणि तरीही संध्याकाळी गूळ मिळाला नाही की ती लहान मुलासारखी रुसून बसे.

तिळी ही या वारुळाची चाखणारी मुंगी. बाहेरून आलेला प्रत्येक जिन्नस आधी तिच्या जिभेवर ठेवला जाई. तो गोड निघाला, की ती खाली जाऊन खणणाऱ्या मुंग्यांच्या मिशांना आपल्या मिशा लावी. गोड आलंय, जागा करा, एवढाच त्या खुणेचा अर्थ. मग खणणाऱ्या नवं कोठार खणायला घेत आणि ते भरलं की थांबत. कोठार केवढं करायचं हे त्यांना कुणीच सांगत नसे. ते भरलं की त्यांना आपोआप कळे. या खणणाऱ्यांत तिळीची धाकटी बहीण भुरकी होती. दोघी एकाच सकाळी अंड्यातून निघालेल्या, तिळी काय ती घटकाभर आधी. पण तेवढ्यावरून भुरकी तिला जन्मभर ताई म्हणत आली होती, आणि तिळीही त्या ताईपणाचा थोडा तोरा मिरवत असे.

एका उन्हाळ्यात फिरस्त्या डोंगळ्यांनी पांढरी कणी आणली. गुळाच्या कितीतरी पट गोड आणि वजनाला जवळजवळ काहीच नाही. कितीही खा, पोट वाढत नाही, असं डोंगळे सांगत होते, आणि ते खरंच होतं. तिळीने कणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. राणीचा गूळ त्याच दिवशी बंद झाला. पाऊस सुरू व्हायच्या आत राणी आपल्या पायांनी दालनात फिरू लागली. तिला चालताना पाहून तिळीला रडूच फुटलं. त्या दिवसांत डोंगळ्यांना नावं ठेवणारी एक मुंगी सापडली नसती.

तिळी रोज खाली जाऊन खूण देत होती आणि खणणाऱ्या खणत होत्या. पण कणी ती केवढीशी! अख्ख्या वारुळाला पुरेल एवढी आणली, तरी कोठाराच्या कोपऱ्यात ती दिसतसुद्धा नसे. कोठार भरेना, म्हणून खणणाऱ्या थांबेनात.

"ताई, गोड आलं म्हणतेस आणि कोठार तर रिकामंच," भुरकी एकदा म्हणाली. "वाटेत फस्त करतेस की काय?"

तिळी खळखळून हसली. तिची खूण खोटी नव्हती. जिभेवर गोड होतंच.

पुढे काही खणणाऱ्या जेवायला वर येईनाशा झाल्या. त्या वाटेत भेटेल तिला मिशा लावत आणि तीही खणू लागे. भुरकी बरेच दिवस दिसली नाही, तेव्हा तिळी तिला शोधायला उतरली. कुणी आखून न दिलेले बोळ भलतीकडेच फुटले होते आणि त्यांच्यावरची छतं ढासळू लागली होती. त्यांतल्या एकाच्या टोकाशी, राणीच्या दालनाच्या दिशेने, भुरकी माती उकरत होती.

"भुरके, पुरे झालं गं. चल वर."

"जागा करतेय."

"कशासाठी?"

भुरकी वळलीसुद्धा नाही. तिळीने तिच्या मिशांना मिशा लावल्या, काही आलेलं नाही, थांब, असं परोपरीने सांगितलं. भुरकीने मान झटकली आणि पुन्हा भिंतीला तोंड लावलं. दुसऱ्या दिवसापासून तिने खूण देणं बंद केलं, पण खुणेची वाट आता कुणी पाहतच नव्हतं.

तिने सगळं जाणत्या मुंग्यांच्या कानावर घातलं. त्यांतली थोरली मुंगी विचारी होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"कणीमुळे असं होऊ शकतं," ती म्हणाली. "कणीमुळेच झालं, असं मात्र मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. गुळाच्या दिवसांतही अशी एखादी वेडी निघायचीच, बाई. आणि कणी बंद केली तर राणी पुन्हा गुळावर जाईल. ते तुला चालेल?"

तिळीला थोरलीचा मनस्वी राग आला, आणि ती खोटं बोलत नव्हती म्हणून जास्तच आला. शेवटी ठरलं ते एवढंच, की कणी बेताने खावी आणि राणीच्या दालनावर पहारा वाढवावा. रक्षक मुंग्या नामांकित होत्या. परका वास आला की त्या क्षणात तुटून पडत. आजवर एकही शत्रू त्यांच्या हातून जिवंत सुटला नव्हता.

संध्याकाळी तिळी राणीपाशी बसली होती. राणी फेऱ्या मारत होती, खुशीत होती. एवढ्यात मागच्या भिंतीतून खरवडल्याचा आवाज आला, मातीचा पोपडा सुटला आणि भोकातून एक डोकं आत आलं. मिशांना माती लागलेली, डोळे कुणालाच न ओळखणारे.

"अडवा तिला!" तिळी ओरडली. आपल्याच बहिणीसाठी असं ओरडताना तिचा जीव अर्धा झाला.

रक्षक धावल्या. त्यांनी भुरकीला घेरलं आणि डोक्यापासून पायापर्यंत हुंगलं. मग त्यांचे वासलेले जबडे एकेक करून मिटले.

"घाबरवलंत की, तिळीबाई," त्यांची पुढारीण हसून म्हणाली. "ही तर आपलीच आहे."

आणि तिने अंग चोरून भुरकीला वाट दिली.