चंद्रकोरीचं मँडोलिन

"…पण असा घाट तुम्ही आणखी कुठं पाहिलाय का, चाचा?"

डॉ. निशिकांत रेगे यांनी मूळ मापाचा फोटो दस्तगीरचाचांसमोर उलगडला. फोटोत एक जुनं मँडोलिन होतं. मधलं छिद्र गोल नव्हतं, चंद्रकोरीसारखं कापलेलं होतं.

चाचा साठ वर्षं मिरजेत तंतुवाद्यं घडवत होते. रेगे दुर्मिळ मँडोलिनांचा इतिहास शोधत होते. अकरा वर्षं, पाच देश. पुस्तक आता छापायला जाणार होतं, आणि त्यातलं सर्वांत मोठं प्रकरण या एकाच वाद्यावर होतं.

"जगात एवढं एकच उरलंय," रेगे म्हणाले. "इटलीतलं. सन एकोणीसशे अकरा. आत कारागिराच्या नावाचा कागद चिकटवलेला आहे."

चाचांनी चष्मा लावला. बराच वेळ फोटो पाहिला.

"हे मी केलंय, साहेब."

रेगे हसले.

"चाचा, याच्या आतल्या पट्ट्या तिरप्या आहेत. ती तिकडची खास पद्धत. मी तसं सिद्ध केलंय."

"लाकूड जरा वाकडं निघालं होतं. पट्ट्या सरळ बसेनात, म्हणून तिरप्या बसवल्या."

"आणि तो कागद?"



"बाळू घोरपडे म्हणून माझा दोस्त होता. फार गोड वाजवायचा. पण हातात मिरजेचं मँडोलिन दिसलं की मुंबईचे लोक त्याला न ऐकताच परत पाठवायचे. मग मी एका मोडक्या विलायती वाद्यातला कागद सोडवला आणि यात डकवला…"

"मग?"

"मग ऐकलं त्यांनी."

"शक्य नाही!" रेग्यांचा आवाज चढला. "तुमचं वय झालंय. काहीतरी गल्लत होतेय तुमची."

चाचा उठले. भिंतीवरच्या खिळ्याला एक पत्र्याचा साचा लटकत होता, गोडेतेलाच्या डब्यातून कापलेला. त्यांनी तो काढला, फुंकर मारली आणि फोटोवर ठेवला.

चंद्रकोर चंद्रकोरीवर बसली. केसाचाही फरक नव्हता.

रेगे स्टुलावरून उठले. कुठं जावं ते सुचेना. मग खाली, लाकडाच्या भुशातच बसले.

"तुम्ही फसवलंत, चाचा."

"होय. तो गुन्हा माझा. माफी मागतो."

"…अकरा वर्षं."



रेग्यांनी पिशवीतून हस्तलिखित काढलं. ते प्रकरण वेगळं केलं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं.

चाचांनी त्यांचं मनगट पकडलं.

"आधी वाच."

'साहेब' जाऊन एकेरी 'तू' आलं होतं. रेग्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. ते वाचू लागले. आधी रागानं, भराभर. मग हळूहळू.

"पाठीच्या एकोणीस लाकडी फाकांतली एकही दुसरीसारखी नाही, तरी सांधा बोटाला लागत नाही. या माणसाला घाई नव्हती. कोरीच्या डाव्या टोकावरून त्याने दुसऱ्यांदा हात फिरवलेला दिसतो…"

"तिसऱ्यांदा," चाचा पुटपुटले.

रेग्यांनी वर पाहिलं. चाचांचे डोळे मिटलेले होते.

"थांबलास का? पुढं वाच."

रेग्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. 

"आता याचं मी काय करू, चाचा?"

चाचांनी कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.

"नाव, गाव, साल तेवढं खोड. बाकी सगळं खरं आहे."