सगुणाक्काची रांग

“नवी सून बोलत नाही ते एक बरं आहे. नाहीतर आक्काची जागा कुठली, ह्यावर आणखी एक मत वाढलं असतं.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. दाजीकाका, म्हणजे माझे चुलतसासरे, ओसरीवर बसून सासूबाईंना सांगत होते आणि मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होते. सासूबाई हसल्या. मी बाहेर आले, चहा दिला आणि आत गेले. लग्नाला अडीच महिने झालेत. तेवढ्यात सगुणाक्काची गोष्ट मी ह्या घरात नऊ वेळा ऐकली, आणि नऊही वेळा ती अर्ध्यात भांडणावर येऊन थांबली. म्हणून आता एकदा मीच सांगते, सबंध. मध्ये कोणी बोलायचं नाही.

फार वर्षांपूर्वी, कोळदऱ्याच्या घाटात डांबर नव्हतं आणि मोटारीला लोक बिनबैलांची गाडी म्हणत, तेव्हा सहाव्या मैलाच्या वळणावर सगुणाक्काची पाणपोई होती. तिचा नवरा मैलकुली. रस्त्यावरची खडी सारखी करता करता तो दरडीखाली गेला. त्याच्यामागं आक्कानं त्याच वळणावर गवताचं छप्पर घातलं, बारा रांजण मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायला लागली. वळणावर एक उंबर होता, बैलांसाठी एक दगडी डोण होती, आणि सहाचा आकडा कोरलेला मैलाचा दगड होता. ह्या तीन खुणा ध्यानात ठेवा, कारण आज तिन्ही जागेवर नाहीत.

पाणी झऱ्यावरून यायचं आणि झरा दोनशे ऐंशी पायऱ्या खाली. आक्का दिवसाला वीस खेपा घालायची, असं म्हणतात. मी एकदा भरल्या कळशीनं दोन घालून बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी मला उठवेना. पण गोष्टीत वीस आहेत, तर वीस.

आक्का प्रेमळ होती असं मात्र कोणीच म्हणत नाही. ती सदा वैतागलेली. “हळू पी मेल्या, पाणी काय पळून चाललंय?” असं म्हणायची. कोणी दुसऱ्यांदा ओंजळ पुढं केली की, “मघाशी काय तोंड शिवलं होतं?” पण तो पुरे म्हणेपर्यंत तिची धार तुटायची नाही. आणि तिचा एकच नियम होता: आधी बैल, मग माणूस, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घाटात बैल आणि माणूस ह्यांच्याशिवाय तहान लागणारं तेव्हा होतं काय?

मग एका वैशाखात साहेबलोकांनी आणि संस्थानांतल्या दोनचार राजपुत्रांनी मोटारींची शर्यत लावली. खालच्या छावणीपासून घाटमाथ्याच्या नाक्यापर्यंत. नाक्यावर मंडप घातला, बँड आणला, रस्त्यावर आडवी पांढरी फीत बांधली. आधी फीत तोडेल त्याला चांदीचा पेला. अकरा मोटारी निघाल्या. त्यांच्या आवाजानं कोळदऱ्यातल्या कोंबड्या तीन दिवस खुडूक झाल्या, असं म्हणतात.

त्या साली झरा करंगळीएवढा उरला होता. अकरा रांजण पालथे पडलेले, एकात काय ते पाणी. दुपारी मिठाच्या सात गाड्या घाट चढत आल्या. पहिली गाडी भैरूची, आणि वळणावर येताच भैरूचा डावा बैल बसला. घाटात बसलेला बैल पाण्यावाचून उठत नाही. आणि बैल गेला की गाडीवानाचं घर गेलं. भैरू बैलाचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसला.

“टळटळीत उन्हात गाडी काढतोस! अक्कल काय मिठाबरोबर गोणीत भरलीस?” असं म्हणत आक्कानं रांजणावरचं झाकण उचललं.

तेवढ्यात पहिली मोटार आली. पिवळीजर्द. तिच्या तोंडातून वाफ निघत होती आणि आतलं पाणी खदखदत होतं. तिच्यामागं दुसरी, तिसरी, सगळ्यांची तीच गत. त्या चढानं अकराच्या अकरा मोटारींचं पाणी उकळलं होतं, आणि पुढं नाक्यापर्यंत थेंब मिळायचा नव्हता. पिवळ्या मोटारीतून साहेब उतरला. त्याच्याबरोबर एक दुभाष्या होता.

दुभाष्या म्हणाला, “आक्का, साहेब म्हणतात, शर्यत आहे. आधी आमच्या गाडीला पाणी घाला.”

“त्याला म्हणावं, बैलांच्या मागं उभा राहा.”

“अहो, वेळ नाही त्यांना!”

“मग इतक्या घाईनं आला कशाला?”

दुभाष्यानं ते साहेबाला कोणत्या शब्दांत सांगितलं हे कोणालाच माहीत नाही. साहेब लाल झाला. भोंगा वाजवायला लागला. मागच्या दहाही वाजवायला लागल्या.

“ए, ओरडू नका!” आक्का ओरडली. “बैल बुजतोय.”

तेव्हा साहेब चिडला, पत्र्याचा डबा घेऊन थेट रांजणापाशी गेला आणि डबा आत बुडवला. डबा कोरडा वर आला. पुन्हा बुडवला, पुन्हा कोरडा. तिसऱ्यांदा त्यानं खांद्यापर्यंत हात घातला, आणि हाताला नुसती धूळ लागली, असं म्हणतात. मग आक्कानं त्याला कोपरानं बाजूला सारलं, तांब्या घातला, आणि तांब्या काठोकाठ भरून आला.

तिनं पहिला तांब्या भैरूच्या बैलाच्या तोंडात सोडला. मग डोण भरली. एका रांजणातून चौदा बैल प्यायले. भैरूचा बैल उठला. मग सात गाडीवान प्यायले. भैरूनं गाडी जुंपली आणि तो पुढं निघाला, कारण त्याला शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला बाजार गाठायचा होता. मग मोटारींतली माणसं रांगेनं प्यायली, राजपुत्रसुद्धा, ओंजळ करून. मग आक्का कमरेवर हात ठेवून त्या अकरा मोटारींकडे वळली आणि म्हणाली, “हं. आता बाकीचं.”

पिवळीला सगळ्यांत शेवटी मिळालं. रांग मोडली होती ना.

तोवर भैरू नाक्यावर पोचला होता. आडवी फीत काय असते हे त्याच्या बैलांना माहीत नव्हतं. डाव्या बैलानं ती तोडली नाही, खाल्ली. पंचांनी तासभर वाद घातला. पण फीत बैलाच्या पोटात होती, तेव्हा दुसऱ्या कोणी तोडायचा प्रश्नच नव्हता. पेला भैरूला दिला, असं म्हणतात. परतीच्या वाटेवर भैरूनं तो आक्काच्या पायाशी ठेवला. आक्कानं उलटासुलटा करून पाहिला. “ह्यात भाकरी बसत नाही,” म्हणाली, आणि साखळीनं डोणीपाशी बांधून टाकला, येणाऱ्याजाणाऱ्याला प्यायला.

पुढं घाटात डांबर आलं. एका वैशाखात आक्का कळशी घेऊन पायऱ्या उतरली ती परत वर आली नाही. लोक शोधायला गेले. खाली कोणी नव्हतं, पण झरा मनगटाएवढा वाहत होता. वर येऊन बघतात तर बाराही रांजण भरलेले. असं म्हणतात.

त्यानंतर रस्ता दोनदा रुंद झाला. उंबर पडला, डोण भरावाखाली गेली, पेला कोणी नेला ते गावाला पक्कं ठाऊक आहे आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक आहे. सहाव्या मैलाच्या दगडाबद्दल मात्र कोणाचंच मत नाही. तो आमच्या न्हाणीमागं आहे. मी रोज त्याच्यावर कपडे धुते, बोटाला सहाचा आकडा लागतो. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

पण कोळदऱ्यानं आक्काला सोडलेलं नाही. अजूनही गावात नवी गाडी आली, मग फटफटी असो की ट्रॅक्टर, की ती पहिल्यांदा घाटात जाते आणि आक्काच्या वळणावर थांबते. बरोबर बैल न्यायचा. आधी बैलाला पाणी, मग माणसांनी ओंजळीनं प्यायचं, मग एक तांब्या गाडीला. त्या वळणावर भोंगा वाजवायचा नाही. सगळं ठरलेलं आहे. ठरलेलं नाही ते एवढंच, की वळण कुठलं.

परवा आमचा नवा टेम्पो आला. गावात आता म्हातारा पाखऱ्या हा एकच बैल उरलाय, तो टेम्पोच्या मागं बांधला. मी हौद्यात, मांडीवर भरलेली कळशी, शेजारी घमेलं. डोक्यावर वैशाख.

दाजीकाकांच्या मते आक्काची जागा पेट्रोलपंपापाशी. तिथं थांबलो.

“काका, पंप नव्हे, वेगमर्यादेची पाटी आहे ना, तिच्याखाली,” आमचे हे म्हणाले. पाटीपाशी गेलो.

“दोघंही चुकताय. मोरीपाशी,” सासूबाई म्हणाल्या. मोरीपाशी गेलो.

“वहिनी, माझ्या वडिलांनी स्वतः तो उंबर बघितला होता! पंपाच्या जागेवर!”

“भाऊजी, तुमच्या वडिलांना संध्याकाळनंतर पुष्कळ काही दिसायचं.”

पुन्हा पंप. पुन्हा पाटी. प्रत्येक खेपेला पाखऱ्या टेम्पोमागं चालत होता. त्याच्या तोंडाला फेस आला, मग जीभ बाहेर आली, आणि पाटी आणि मोरीच्या मध्ये, जिथं आक्काची जागा आहे असं गावात एकाचंही मत नाही, तिथं त्यानं पुढचे गुडघे टेकले आणि तो बसला. दोर ताणला, टेम्पो थांबला. आमच्या ह्यांनी वैतागून भोंगा वाजवला. दाजीकाका खाली उतरून दोर ओढायला लागले.

“ऊठ रे बाबा! आक्काची जागा पुढं आहे!”

मी हौद्यातून उतरले. घमेलं पाखऱ्यापुढं ठेवलं आणि कळशी ओतली. दाजीकाका, “अगं, अगं, इथं नव्हे!” म्हणत धावले. पाखऱ्यानं घमेल्यात तोंड बुडवलं. मी मान वर केली, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्या घराला माझा आवाज ऐकू गेला:

“जिथं बैल बसला, तीच आक्काची जागा. भोंगा बंद करा. दाजीकाका, दोर सोडा आणि रांगेत उभे राहा. आधी पाखऱ्या, मग माणसं, मग टेम्पो, आणि मतं सगळ्यांत शेवटी.”