कोंडलेली ओल

फार मागं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या दिवशी गावात धुकं उतरून अंगणाअंगणात बसलं होतं. पानांवरून थेंब सावकाश ओघळत होते, ऊन कुठंच नव्हतं.

लहानथोरांनो, त्या गावात एक पाथरवट होता. राजाच्या महालापुढची चिऱ्यांची वाट त्यानंच केली होती. चिरे बसवायचे, फटींत वाळू भरायची आणि सगळं खडखडीत वाळलं की वरून तेल-राळेचा हात द्यायचा. मग पाणी मुरत नाही, शेवाळ धरत नाही. राजाचा कारभारी घाई करायचा, तेव्हा हा म्हणायचा, "ऊन म्हणेल तेव्हा."

आता त्याच्याच लेकीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. दारापासून पालखी उभी राहणार होती तिथपर्यंत त्यानं नवी वाट केली होती. लेकीनं सासरी निघताना त्या लखलखत्या वाटेवरून चालावं, एवढीच त्याची हौस.

शेजारची म्हातारी कुंभारीण कुंपणावरून म्हणाली, "अरे, काल पाऊस झालाय. चिऱ्यावर वाटी पालथी घालून बघ. आत थेंब धरले तर चिऱ्यात ओल आहे समज, मग तेल राहू दे. बिनतेलाची वाटही चालायला बरीच असते."

त्यानं सकाळी वाटी घातली, दुपारी उचलली. आत थेंब साचले होते. त्यानं ते धोतराच्या सोग्यानं गुपचूप पुसले.

"काय दिसलं रे?"

"काही नाही, मावशी. वाटीच ओली होती."

"पालथ्या वाटीत पाऊस पडला होय रे, मेल्या?"

तो हसला आणि तेल-राळ लावत बसला. वाट तळ्यासारखी चकाकली. धुकं वाकून वाकून तिच्यात आपलं तोंड बघू लागलं.

लग्नाच्या दिवशी कडक ऊन पडलं. चिऱ्यांच्या पोटातली ओल वर निघाली, पण तिला बाहेर पडायला जागाच नव्हती. वाट दह्यासारखी पांढरी पडली. राळेला फोड आले, ती सुटून तळव्यांना चिकटू लागली. सगळ्यांत आधी व्याहीच घसरून बसले.

लेकीनं पाऊल टाकलं. ते सरकलं, ती कशीबशी सावरली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मी मावशीच्या अंगणातून जाते."

शेणानं सारवलेल्या त्या अंगणातून ती गेली. पालखी दूर दूर होत उन्हात विरून गेली.

बाप पांढऱ्या वाटेवर बसून राहिला. "राजासाठी थांबलो मावशी, लेकीसाठी नाही थांबलो."

म्हातारी त्याच्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "लेकरा, झाकल्यानं ओल वाळत नाही, आधी तिला जाऊ द्यावं, मग झाकावं."